रूपसेच्या पाण्यावर: खुलन्यातले चार दिवस

८ डिसेंबर २०२२, गुरुवार

‘पनवेल’ नावाची एक लढाऊ बोट होती, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. अप्पांना ते पन्नास वर्षं ठाऊक होतं. कधी बोलला का नाहीत म्हटलं, तर म्हणाले, “तू कधी विचारलंस, बाय?”

अप्पा नेव्हीत इंजिनरूम आर्टिफिसर होते, म्हणजे जहाजाच्या इंजिनांचे तंत्रज्ञ. एकाहत्तरचं युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी भरती झाले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकले आणि पुढची पंधरा वर्षं जहाजांच्या पोटात काढली. युद्ध थोडक्यात हुकल्याची रुखरुख आहे, पण ते तसं कबूल करत नाहीत. गेल्या वर्षी आयएनएस करंज ही नवी पाणबुडी मुंबईत नौदलात आली, तेव्हा टीव्हीसमोर बसून त्यांनी जुन्या करंजची गोष्ट काढली. तिचे पहिले कप्तान कमांडर मोहन नारायणराव सामंत. तेच पुढे एकाहत्तरला चार बोटी घेऊन सुंदरबनातून थेट आताच्या बांगलादेशातल्या खुलन्यापर्यंत घुसले आणि त्यातली एक बोट होती पनवेल. “उरणच्या करंजाचं नाव, मग पनवेलचं. सामंतसाहेबांना रायगड जिल्हा सोडवतच नव्हता,” हा अप्पांचा विनोद. त्या दिवसापासून खुलन्याचं घोंगडं आमच्या घरात भिजत पडलं होतं.

सकाळी सातच्या सुमाराला चितपूरच्या कोलकाता स्टेशनातून बंधन एक्स्प्रेस सुटली. करोनात बंद पडलेली ही गाडी यंदा मे अखेरीला पुन्हा सुरू झाली होती, आठवड्यातून दोनदा. विमानतळासारखी तपासणी झाली, मग रेल्वेच्या डब्यात बसलो. अप्पांची कुरकुर एकच: काल दत्तजयंती होती आणि प्रवासापायी देवळातला सुंठवडा चुकला.

बेनापोलला उतरून शिक्के मारून घ्यावे लागले. माझा पासपोर्ट चाळत खिडकीतला माणूस हसून म्हणाला, “मिराज आमादेर खुलनार छेले.” कालच बांगलादेशने भारताला पाच धावांनी हरवून मालिका खिशात घातली होती आणि शतक ठोकणारा मेहदी हसन मिराज खुलन्याच्या खालिशपूरमध्ये वाढलेला. अप्पा म्हणाले, “रोहितचा अंगठा दुखावलेला होता.” तो म्हणाला, “ता ठीक.” आणि शिक्का मारला.

दुपारी खुलना. शहरभर झेंडे, पण बांगलादेशचे कमी. निम्मे अर्जेंटिनाचे, निम्मे ब्राझीलचे. गच्चीगच्चीवर, रिक्षांवर, एका केशकर्तनालयाच्या पाटीवरसुद्धा. फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. हॉटेलच्या पोऱ्याने नाव विचारण्याआधी अप्पांना विचारलं, ब्राझील की अर्जेंटिना? अप्पांनी “इंडिया” म्हणून सांगितलं. तो दयेने बघून निघून गेला.

९ डिसेंबर, शुक्रवार

उलट्या टोकाने सुरुवात करायची असं अप्पांनी ठरवलं होतं. बोटी ज्या बाजूने आल्या, ती बाजू आधी. म्हणून मोंगला, खुलन्याच्या दक्षिणेचं बंदर.

रस्त्याने साधारण पन्नास किलोमीटर. दोन्ही अंगाला कोळंबीची ‘घेरं’, म्हणजे बांध घालून अडवलेलं खारं पाणी. आमच्याकडची खारभूमी आठवत होती, फक्त इथे नजर पोचेल तिथवर तीच. मोंगल्याला पशुर नदी इतकी रुंद आहे की मधोमध नांगरलेली मालवाहू जहाजं खेळण्यातली वाटतात. एक ट्रॉलर ठरवला (इकडे इंजिनाच्या कुठल्याही होडीला ट्रॉलर म्हणतात) आणि दक्षिणेला करमजलपर्यंत गेलो. सुंदरबन तिथून सुरू होतं. लोक तिथे मगरी आणि हरणं बघतात. आम्हीही बघितली, पाच मिनिटांत.

अप्पांचं सगळं लक्ष काठाकडे होतं. गोलपात्याच्या झावळ्या पाण्यात लोळत होत्या आणि दर दोनशे-तीनशे पावलांवर एक खाडी आत वळत होती, एकीसारखी दुसरी. “हे बघ. असल्या भुलभुलैयातून आले ते. पुढे शत्रूचा तळ.”

मग इंजिनाच्या भकभकाटावर ओरडून ओरडून त्यांनी मला सगळं सांगितलं. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन साध्या बोटी होत्या. त्यांवर प्रत्येकी दोन बोफोर्स तोफा चढवल्या, नावं ठेवली पद्मा आणि पलाश. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेच्या, नौदलाच्या पहिल्या दोन गनबोटी त्या. वर नेव्हीची पनवेल आणि सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा. बोटींवर बंगाली खलाशी होते, पाकिस्तानी नौदल सोडून आलेले, आणि त्यांच्या जोडीला आपले. ओळख पटावी म्हणून वरच्या भागांना पिवळा रंग फासला होता, आपल्या विमानांना दिसावा म्हणून.

१० डिसेंबरच्या सकाळी मोंगला जवळपास विनासायास हातात आलं. चित्रांगदा तिथेच थांबली. बाकीच्या तिघी नदीने वर खुलन्याकडे निघाल्या: पुढे पनवेल, मध्ये पलाश, शेवटी पद्मा.

“आणि चिमन सिंग?” मी विचारलं. कारण आम्ही खरे आलो होतो त्याच्यासाठी.

लीडिंग सीमन चिमन सिंग यादव, हरियाणातला. लीडिंग सीमन म्हणजे नेव्हीच्या बोलीत ‘किलिक’, दंडावर एक नांगर. अधिकारी नाही, चीफसुद्धा नाही. त्या वर्षी उन्हाळ्यापासून भागीरथीच्या काठी पलाशीला, म्हणजे प्लासीला, बंगाली पोरांना पोहायला आणि पाण्याखालून सुरुंग लावायला शिकवणाऱ्यांत तो होता. त्या छावणीतली पोरं छातीला लिम्पेट सुरुंग (जहाजाच्या बुडाला चिकटणारे) बांधून रात्रीच्या अंधारात जहाजांपर्यंत पोहत जायची. १५ ऑगस्टच्या रात्री चट्टग्राम, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत त्यांनी एकाच वेळी स्फोट घडवले. म्हणजे आपण ज्या नदीवर तरंगत होतो तिच्यातही.

परतताना माझी फजिती झाली. ओहोटी लागली होती. पौर्णिमा कालचीच, त्यामुळे उधाणाचं पाणी धाडकन उतरलं आणि धक्क्याची शेवटची पायरी चिखलाच्याही वर राहिली. होडीतून पायरीपर्यंत जेमतेम वीस फूट. दुसऱ्याच पावलाला मी गुडघ्यापर्यंत रुतले. पाय वर आला, चप्पल नाही आली. होडीवरच्या पोराने खांद्यापर्यंत हात घालून ती शोधून काढली आणि फूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. मला त्या वीस फुटांना पाच मिनिटं लागली. अप्पा मागून येत होते, काही बोलले नाहीत. पायरीवर बसून बराच वेळ त्या चिखलाकडे बघत राहिले.

रात्री हॉटेलात मी दिवसाची टिपणं काढत होते आणि खाली अख्खी गल्ली ब्राझीलचा सामना बघत होती. अप्पांनी माझी वही ओढली. चष्मा लावून वाचली.

“सामंतसाहेबांना ‘त्यांनी’ लिहिलंस.”

“हो.”

“नरोन्हांनाही ‘त्यांनी’.” लेफ्टनंट कमांडर जोसेफ नरोन्हा, पनवेलचे कप्तान.

“हो मग?”

“मग हा किलिक ‘तो’ का? ‘त्याने’ का? वयाने लहान म्हणून, की ऑफिसर नाही म्हणून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात खालून असा काही हंबरडा आला की दोघंही खिडकीशी धावलो. ब्राझील पेनल्टीवर बाहेर पडलं होतं. अर्धी गल्ली रडत होती, अर्धी नाचत होती. नाचणाऱ्यांचा सामना रात्री एकला होता. त्यामुळे झोप कुणालाच मिळाली नाही.

१० डिसेंबर, शनिवार

ढाक्यात विरोधी पक्षाची मोठी सभा होती, रस्त्यावर वाहनं कमी. आम्हाला जायचं होतं चालत. रूपसा नदीचा घाट.

घाटावरून ‘खेया’ सुटते, ये-जा करणारी होडी. भरली की निघते, वेळापत्रक नाही. पलीकडे पूर्वेचा काठ, रूपसा उपजिल्हा. तिथे बागमारा गावाजवळ, नदीला लागूनच, मोहम्मद रूहुल अमीन यांची कबर आहे.

अप्पांना तिथे जाताना मी पाहिलं, ते देवळात जाताना जसे चपला काढण्याआधी शर्ट नीट करतात तसा त्यांनी शर्ट नीट केला. रूहुल अमीन पलाशवर इंजिनरूम आर्टिफिसर होते. अप्पांचीच कामगिरी, अप्पांचीच जागा: पाण्याच्या रेषेखाली, जिथून बाहेर काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. नोआखालीचा हा माणूस १९५३ साली पाकिस्तानी नौदलात गेला आणि एकाहत्तरला ते सोडून मुक्तियुद्धात उतरला. बांगलादेशने ज्या सात जणांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च शौर्यसन्मान दिला, त्यांतले ते एक. सगळे सात मरणोत्तर.

दुपारी बाराच्या सुमाराला तिन्ही बोटी खुलना शिपयार्डजवळ पोचल्या तेव्हा वर उंच तीन विमानं दिसली. बोटींवरून गोळीबाराची परवानगी मागितली गेली. विमानं भारतीय आहेत, गोळी चालवू नका, असं सामंतांनी कळवलं. विमानं भारतीयच होती. खाली आली आणि त्यांनी आपल्याच बोटींवर हल्ला चढवला.

पिवळा रंग का दिसला नाही, याची कारणमीमांसा अप्पांच्या मित्रमंडळींत पन्नास वर्षं चालू आहे आणि प्रत्येकाकडे वेगळा आरोपी आहे. मला त्यात शिरायचं नाही. पद्मा गेली, मग पलाश. पलाश सोडण्याचा हुकूम झाल्यावरही रूहुल अमीन इंजिन चालू ठेवायला खालीच राहिले. शेवटी जखमी अवस्थेत ते काठापर्यंत पोचले आणि काठावर रझाकारांनी, पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांनी, त्यांना ठार केलं. गावकऱ्यांनी नदीकाठी पुरलं. शेजारी मोहिबुल्ला यांची कबर आहे, तेही त्याच दिवशीचे.

अप्पा कबरीपाशी उभे राहिले. बोलायला लागले ते एकदम तांत्रिक. “इंजिनरूममध्ये आग लागली तर आधी इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. आणि हा माणूस इंजिन चालू ठेवायला खाली थांबला. म्हणजे बोट काठाला लावता येईल अशी आशा होती त्याला.” मग थांबून, “त्यांना.”

बंगालीत या लढाईबद्दल मी जे काही वाचलं, त्यात बऱ्याच ठिकाणी सामंत ‘मनेंद्रनाथ’ झालेत. एम. एन. ची बंगाली फोड. सामंत हे आडनाव बंगाल्यांतही असतंच, त्यामुळे मुंबईचा हा गृहस्थ तिकडे सुखाने बंगाली होऊन बसलाय. आणि आमची पनवेल? ‘पाभेल’! एखाद्या रशियन काकांसारखी. नव्या देशाच्या नौदलाची घडी बसवायला सुरुवातीला सामंतच होते, तेव्हा थोडं बंगालीपण त्यांनी कमावलं म्हणायला हरकत नाही.

चिमन सिंगांचं नाव इथे कुठे कोरलेलं मला दिसलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती. कबर असायला इथे मरावं लागतं. ते मेले नाहीत. त्यांची जागा शोधायची तर काठावर नाही, पाण्यात.

म्हणून अकराच्या पुढे आम्ही पुन्हा खेयेत बसलो. पश्चिम काठाला शिपयार्डच्या क्रेन दिसतात. १९५७ साली सुरू झालेलं हे शिपयार्ड आता बांगलादेश नौदलच चालवतं. होडीवाला साठीचा, अंगात अर्जेंटिनाची जर्सी, रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल. मधल्या धारेत आलो तेव्हा होडी नाकाने उत्तरेला आणि अंगाने पूर्वेला चालली होती. भरती आत ढकलत होती, तिला तिरकं कापल्याशिवाय पलीकडे जाताच येत नव्हतं.

अप्पांनी फोन काढला. मला वाटलं फोटो. पण त्यांनी पंचांग उघडलं.

“यंदा पौर्णिमा परवा. म्हणून हे उधाण. एकाहत्तरला मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला. मग १० तारखेला काय?”

“अष्टमी,” मी बोटं मोजून म्हटलं. “अष्टमी-नवमी.”

“म्हणजे भांग.”

किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला उधाण, अष्टमीला भांग: पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ मंद. म्हणजे त्या दिवशी ही नदी आजच्याइतकी जोरात नव्हती. पोहणाऱ्याला सोपं. मी तसं म्हणाले.

“सोपं?” अप्पा म्हणाले. “जोराची धार असती तर माणसं वाहत वाहत माऱ्याच्या बाहेर तरी गेली असती. भांगाचं पाणी. बुडालेल्या बोटीच्या आसपास तरंगत राहायचं, आणि काठावरून तुला टिपतायत. एकेक डोकं मोजून.”

मी पाण्याकडे बघितलं. चहाच्या रंगाचं, थंड. हात बुडवला तर मनगटाखालचं दिसेना.

चिमन सिंगांची बोट विमानांच्या हल्ल्यात बुडाली. बॉम्बच्या तुकड्यांनी ते गंभीर जखमी झाले होते. पाण्यात पडल्यावर त्यांना दिसलं की काही जणांना तरंगता येत नाहीये, त्यात एक जखमी अधिकारी होता. काठावरून गोळीबार चालू होता. ते त्यांच्याकडे पोहत गेले. काठाकडे नव्हे, त्यांच्याकडे. आणि त्यांना घेऊन, गोळ्या येत होत्या त्याच काठाला लागले.

महावीर चक्राच्या मानपत्रात हा भाग दोन-तीन वाक्यांत उरकलाय. मी ते इतक्या वेळा वाचलंय की जवळपास पाठ आहे. पण कालच्या त्या वीस फुटांनंतर मला पुढचं वाक्य कळेनासं झालं होतं. पुढचं वाक्य असं, की काठाला लागल्यावर ते शत्रूच्या दिशेने धावत सुटले, मुद्दाम उघड्यावर, म्हणजे गोळीबार त्यांच्याकडे वळेल आणि दोघा साथीदारांना निसटता येईल.

धावत. या चिखलातून, अंगात धातूचे तुकडे घेऊन, एवढं पोहून आल्यावर. पूर्व काठाला होडी लागली तेव्हा पाण्याच्या कडेला तोच राखाडी, चकाकता पट्टा होता. त्यावर एक बगळा चालत होता आणि त्याचेसुद्धा पाय आत जात होते.

साथीदार निसटले. चिमन सिंग पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटका झाली, मग इस्पितळ.

त्या युद्धात नौदलाला आठ महावीर चक्रं मिळाली. त्यांतली तीन या एका मोहिमेची: सामंत, नरोन्हा, चिमन सिंग. आठांत सात अधिकारी. एक किलिक.

आम्ही त्या दिवशी नदी सहा वेळा ओलांडली. चौथ्या खेपेला होडीवाल्याला राहवलं नाही. आजोबांचं काही हरवलंय का, त्याने विचारलं. अप्पांची बंगाली म्हणजे हिंदीला ‘ओ’कार लावलेली. त्यात त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली, हातवारे करून, विमानांच्या आवाजासकट. होडीतले बाकीचे लोकही ऐकायला लागले. रूहुल अमीन सगळ्यांना माहीत होते, शाळेच्या पुस्तकात धडाच आहे म्हणे. दुसरं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

“बाँचलो?” होडीवाल्याने विचारलं. वाचले?

“वाचले.”

“सोबाई?”

“सगळे नाही.”

त्याने मान हलवली आणि वल्ह्याने होडी सरळ केली. पाचव्या आणि सहाव्या खेपेचे पैसे घेतले, पण परत आल्यावर घाटावरच्या टपरीत चहा त्याने पाजला. टपरीतल्या टीव्हीवर चट्टग्रामचा सामना चालू होता आणि इशान किशन मिराजच्या गावाला बदडून काढत होता. दोनशे झाले तेव्हा अप्पांनी टाळी वाजवली नाही. चहा कुणाचा पीत होते, याचं भान होतं त्यांना.

रात्री चुईझाल घातलेलं मटण. चुई ही वेल, तिच्या देठाचे जाडजूड तुकडे रश्शात टाकतात. चावून चोथा टाकायचा. आधी काही वाटत नाही, मग घशाच्या मागे मिरीसारखं काहीतरी हळूच पेटतं. अप्पांनी तीन तुकडे चावले आणि दत्तजयंतीच्या सुंठवड्याची भरपाई झाल्याचं जाहीर केलं.

११ डिसेंबर, रविवार

गाडी दुपारची. सकाळी काही ठरलेलं नव्हतं, तरी पाय घाटाकडेच वळले.

उधाणाची ओहोटी, पाणी खाली गेलेलं. कालचा होडीवाला होता, जर्सी तीच. आम्हाला बघून त्याने शेजारच्या होडीतल्या दोघांना हाक मारली आणि अप्पांकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागला. मला तुटक तुटक समजत होतं. ‘बोमा’ कळलं. ‘जाहाज’ कळलं. मग ‘चिमोन शिंगो’. बंगाली जिभेवर नाव पार गोल होऊन बसलं होतं. सामंतांचं झालं तसं याही नावाचं सुरू झालंय, मला वाटलं.

होडीवाल्याने दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहा जण. दहा जणांना एकट्याने ओढत काठाला आणलं, असं तो सांगत होता. ऐकणाऱ्यातल्या एकाने ‘बापरे’ म्हटलं.

“दहा नाही,” अप्पा मला म्हणाले. “दहा नव्हते ते.”

“सांगा मग त्याला.”

अप्पांनी तोंड उघडलं. पण होडी भरली होती, त्याने बांबू चिखलात रोवून जोर लावला आणि ती घाटापासून सुटली. मधल्या धारेपर्यंत त्याचा एक हात वल्ह्यावर होता आणि दुसरा हवेत, पोहल्यासारखा फिरत होता.

“चल,” अप्पा म्हणाले, “गाडी चुकेल.”